जबडा : दुखतो तो आणि दुखत नाही तो

जांभई देताना कानापाशी ‘टक्’ असा आवाज आला की माणूस धास्तावतो. झोपेत दात खाल्ल्यामुळे सकाळी गाल आंबले असतील, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठतो. पण पाणीपुरीची पुरी पूर्वीसारखी तोंडात मावत नाही, तिखट लागलं की गालाच्या आतून आग होते, हे वर्षभर चाललं तरी ‘उष्णता झाली असेल’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांवर दिवस ढकलतो. जबड्याच्या रोगांची गोम इथेच आहे. इथे दुखणं आणि धोका हातात हात घालून येत नाहीत. जे आवाज करतं, ठणकतं, ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं आणि जे बिनबोभाट वाढतं तेच महागात पडतं.

या लेखात दोन्हींबद्दल आहे, पण न दुखणाऱ्याबद्दल जास्त. उदाहरणं शक्यतो बेंगळुरूची घेतली आहेत. तोंडाच्या कर्करोगाचा एक जुना, नेटका अभ्यास याच शहरात झाला आणि देशभरच्या कॅन्सरच्या नोंदी गोळा करणारी आयसीएमआरची एनसीडीआयआर ही संस्थाही इथेच आहे.

आधी थोडी रचना

वरचा जबडा कवटीला पक्का जोडलेला असतो. हलतो तो फक्त खालचा. घोड्याच्या नालेसारखं ते हाड दोन्ही कानांच्या पुढे कवटीला सांध्याने टांगलेलं असतं. कानाच्या पाळीच्या जरा वर, पुढच्या बाजूला बोट ठेवून तोंड उघडा, सांधा हलताना हाताला लागेल. तो आधी बिजागरीसारखा फिरतो आणि मग पुढे सरकतो. दोन हाडांच्या मध्ये कूर्चेसारखी एक चकती असते.

आणखी दोन गोष्टी लक्षात असाव्यात. खालच्या जबड्याच्या हाडातून एक मज्जातंतू जातो, खालच्या ओठाला संवेदना त्याच्यामुळे मिळते. त्यामुळे दाताचं कुठलंही काम न करता खालचा ओठ एका बाजूने बधिर झाला, तर हाडात काहीतरी चाललंय अशी शंका घ्यायची. दुसरं, दाढांची मुळं हाडातच रुतलेली असतात. किडलेली दाढ हा जबड्याचाच आजार असतो, फक्त त्याची सुरुवात वरून झालेली असते.

टक्-टक् वाजणारा सांधा

ती चकती जरा पुढे घसरली की तोंड उघडताना ती जागेवर येते आणि आवाज होतो. वेदना नसेल, तोंड अडकत नसेल, तर नुसत्या आवाजासाठी उपचार लागत नाहीत. एमआरआय तर नाहीच नाही.

दुखतं ते बहुधा सांध्यापेक्षा चावण्याच्या स्नायूंचं. ताण, अपुरी झोप, रात्री दात खाणं, एकाच बाजूने चावणं, ही नेहमीची कारणं. स्क्रीनसमोर दहा तास बसणाऱ्यांच्या या शहरात अशा तक्रारींना तोटा नाही. एक साधी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते : आपण गप्प बसलेलो असताना वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत. ओठ मिटलेले, दात किंचित सुटे, जीभ टाळ्याला, ही जबड्याची विश्रांतीची अवस्था. दिवसातून चार वेळा आठवणीने तपासलं तरी पुष्कळांचं निम्मं दुखणं उतरतं. जोडीला दोन-तीन आठवडे मऊ जेवण, कोमट शेक, च्युइंगगम बंद. दात झिजत असतील तर रात्री लावायचा नाइट गार्ड.

दात घासून ‘बाइट जुळवून’ देऊ, असं कोणी पहिल्याच भेटीत म्हणालं तर थांबा. घासलेला दात परत येत नाही. जे उलटं फिरवता येतं, ते उपचार आधी.

आणि जबड्याचं एक दुखणं जबड्याचं नसतंच. जिना चढताना जबडा आणि छाती किंवा डावा हात भरून येतो, थांबलं की बरं वाटतं, असं असेल तर दंतवैद्य नको, ईसीजी काढा.

जबडा निखळला तर

मोठी जांभई, खळखळून हसणं किंवा दाताच्या खुर्चीत बराच वेळ आ वासून बसणं, आणि तोंड उघडं ते उघडंच राहतं. दृश्य भयंकर दिसतं, इलाज मात्र हिप्पोक्रेटसच्या काळापासून तोच आहे. डॉक्टर अंगठ्यांना गॉज गुंडाळून ते खालच्या दाढांवर ठेवतात आणि जबडा आधी खाली दाबून मग मागे सरकवतात. गॉज कशासाठी? सांधा जागेवर बसला की तोंड खाडकन मिटतं, आणि अंगठे आत असतात. म्हणून घरी हा प्रयोग नको. पुढे काही दिवस जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरायची.

तोंड हळूहळू मिटत जातं तेव्हा

आता खरा विषय. श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी १९५२ मध्ये केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातला एक विचित्र रोग नोंदवला : गालाचं अस्तर पांढुरकं, कडक झालेलं आणि तोंड पुरतं उघडत नाही. पुढच्याच वर्षी भारतात डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचं वर्णन केलं. १९६६ मध्ये डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या संशोधक डॉ. सत्यवती सिरसाट यांनी त्यावर लिहिलेला लेख आजही मूळ संदर्भ मानतात. नाव ठरलं ओरल सबम्युकस फायब्रोसिस. दवाखान्यात सगळे ‘ओएसएमएफ’ म्हणतात.

कारण सुपारी. तंबाखू नव्हे, सुपारी. हे पुन्हा सांगावं लागतं, कारण ‘मी तंबाखू खात नाही, नुसती गोड सुपारी खातो’ हे वाक्य दंतवैद्यांना रोज ऐकावं लागतं. सुपारीतलं अरेकोलिन गालाच्या आतल्या पेशींना जास्त कोलॅजन तयार करायला लावतं. सुपारीतली टॅनिनं ते कोलॅजन असं पक्कं करतात की शरीराला ते मोडता येत नाही. तिच्यातलं तांबंही याच कामाला हातभार लावतं. अस्तराखाली दोऱ्यांसारखे पट्टे तयार होतात. गालावरून आतून बोट फिरवलं तर ते हाताला लागतात. आधी तिखटाची आग, मग गाल पांढरट, मग शिट्टी वाजवता येत नाही, जीभ पुरती बाहेर येत नाही, आणि शेवटी तोंडात चमचा जेमतेम शिरतो.

स्वतःची तपासणी सोपी आहे. आपलीच तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकत्र करून उभी धरायची आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायची. तीन बोटं गेली तर ठीक, साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडणं म्हणजे सामान्य. दोनच जात असतील तर दाखवायला हवं. एकच जात असेल तर बराच उशीर झालेला असतो.

उपचारांबद्दल फसवी आशा नको. तयार झालेले पट्टे पूर्ण विरघळवणारं औषध नाही. सुपारी बंद केली की रोगाचं पुढे सरकणं मंदावतं, हा पहिला आणि सगळ्यांत मोठा उपचार. त्यानंतर गालात स्टेरॉइड आणि हायलुरोनिडेजची इंजेक्शनं आणि रोजचा व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दाढांमध्ये धरायची आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवत न्यायची. कंटाळवाणं काम आहे, पण इंजेक्शनांइतकंच मोलाचं. तोंड फारच मिटलं असेल तर पट्टे कापून तिथे गालातल्या चरबीचा किंवा नाकाशेजारच्या त्वचेचा तुकडा बसवतात. त्यानंतरही व्यायाम सुटत नाही. जो व्यायाम सोडतो, त्याचं तोंड पुन्हा मिटतं.

आणि हा आजार नुसता अडचणीचा नाही. केरळातल्या एर्नाकुलमला अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ७.६ टक्के जणांना तोंडाचा कर्करोग झाल्याचं आढळलं. म्हणून सवय सुटली तरी तपासणी सुटता कामा नये.

कर्नाटकात हा विषय नाजूक आहे. देशात सर्वाधिक सुपारी याच राज्यात पिकते. शिवमोग्गा, सिरसी, चन्नगिरीकडच्या कुटुंबांचं घर तिच्यावर चालतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचं जाहीर केलं. महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण कर्नाटकातली बंदी पडली तंबाखू मिसळलेल्या पुडीवर. टपरीवर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागली, मिसळायचं काम गिऱ्हाइकाकडे गेलं. ओएसएमएफच्या दृष्टीने पाहिलं तर पहिली पुडी एकटीच पुरेशी आहे.

बेंगळुरूचा १९९० चा अभ्यास

होसूर रस्त्यावरची किदवई कर्करोग संस्था १९७३ ची. शहराची कॅन्सर नोंदवही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे ठेवली जाते. त्या नोंदींच्या आधारे डॉ. ए. नंदकुमार आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाचे ३४८ रुग्ण घेतले. प्रत्येकाच्या जोडीला त्याच वयाचा, त्याच वस्तीतला निरोगी माणूस घेतला आणि दोघांच्या सवयींची तुलना केली. १९९० मध्ये ते ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सरमध्ये छापून आलं.

तंबाखू घातलेलं पान चघळणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका सुमारे २५ पट निघाला, पुरुषांपेक्षा बराच जास्त. किती वर्षं, दिवसात किती वेळा, एकदा किती वेळ, हे जसं वाढत गेलं तसा धोकाही वाढत गेला. अभ्यासकांनी आणखी एक प्रश्न विचारला होता : झोपतानाही पान गालात ठेवता का? ठेवणाऱ्यांमध्ये धोका वाढलेलाच दिसला. दिवसभराची कामं उरकून गालात विडा धरून डोळा लागणारी म्हातारी आपल्याकडच्या किती घरांत होती! आपल्या बायकांची मशेरी आणि इथल्या बायकांची कड्डिपुडी, म्हणजे तंबाखूची पूड, यांच्यात जबड्याच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. ‘बायका कुठे व्यसन करतात’ या समजामुळे त्यांच्या तोंडात कोणी डोकावत नाही, एवढंच.

त्याच अभ्यासात नाचणी मुख्य अन्न असणाऱ्यांमध्येही धोका जास्त दिसला. म्हणून नाचणीचे गोळे, म्हणजे रागीमुद्दे, टाकून देऊ नका. तो एका अभ्यासात दिसलेला संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. मुद्दा आला म्हणून सांगितलं, कारण हीच ओळ उचलून कोणी तरी कधी तरी फॉरवर्ड पाठवणारच.

कर्करोग हाडात कसा शिरतो

विडा किंवा तंबाखूची गोळी आपण ठेवतो ती गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खोबणीत. आपल्या देशात कर्करोग तिथेच जास्त होतो. हिरडीचं अस्तर अगदी पातळ आणि खाली लगेच हाड, त्यामुळे गाठ लवकर जबड्यात उतरते आणि उतरली की आजाराची पायरी एकदम चौथ्या टप्प्यावर जाते. सुरुवातीला दिसतं ते पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा व्रण, विनाकारण हलणारी एखादी दाढ. ती दाढ काढली जाते, जखम भरत नाही, दोन महिने अँटिबायोटिक्समध्ये जातात. ही साखळी तोडायची तर नियम एकच : दोन-तीन आठवड्यांत न भरलेल्या तोंडातल्या कुठल्याही जखमेचा तुकडा तपासायला पाठवायचा. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही समजूत खोटी आहे आणि तिने बरेच जीव घेतले आहेत.

हाडाचा नुसता कडेचा भाग बाधित असेल तर तेवढाच काढतात, खालचा काठ शाबूत ठेवतात. आत शिरला असेल तर जबड्याचा अख्खा तुकडा जातो. तिथे भर घालायला पायातलं बारीक हाड घेतात. फिब्युला म्हणतात ते. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या हिडाल्गो या शल्यचिकित्सकांनी जबड्यासाठी ही पद्धत वापरल्याचं मांडलं आणि आज ती जगभर रुळली आहे. गुडघा आणि घोट्याजवळची टोकं तशीच ठेवून मधला भाग रक्तवाहिन्यांसकट काढतात, जबड्याच्या वळणाप्रमाणे त्याचे तुकडे करून टायटॅनियमच्या पट्टीवर बसवतात आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. शरीराचं वजन नडगीच्या जाड हाडावर पडत असल्यामुळे माणूस पुढे चालू शकतो. शस्त्रक्रिया आठ-दहा तास चालते. हाड नीट रुजलं तर पुढे त्यावर दातही बसवता येतात.

रेडिएशन द्यायचं असेल तर किडलेल्या दातांचा निकाल त्याआधी लावायचा. रेडिएशननंतर हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि काढलेल्या दाताची जागा महिनोन्महिने भरत नाही, कधी हाडच सडतं. म्हणून नंतर कुठल्याही दंतवैद्याकडे गेलात तर पहिलं वाक्य ‘मला रेडिएशन झालंय’ हेच असू द्या.

हनुवटीवर पडलेलं मूल

मूल गच्चीच्या पायरीवर पालथं पडतं, हनुवटी फुटते, दवाखान्यात तीन टाके पडतात, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. मार मात्र हाडातून वर जाऊन कानापुढच्या सांध्यावर बसलेला असू शकतो. तिथलं फ्रॅक्चर राहून गेलं, दुखतं म्हणून मुलाने तोंड हलवणं सोडलं, की महिन्या-वर्षांत सांधा हाडाने जुळून जातो. जेवण द्रव पदार्थांवर येतं, जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी मागे जाते, झोपेत श्वास कोंडतो. अशी मुलं आपल्याकडे अजून येतात, आणि यातली पुष्कळ टाळता येण्यासारखी असतात. म्हणून हनुवटी फुटली की टाके घालणाऱ्याला विचारायचं : सांधा पाहिला का? नंतरच्या आठवड्यांत तोंड पूर्ण उघडतं का, उघडताना एका बाजूला वळतं का, हे घरच्यांनी पाहायचं. सांधा जुळलाच तर जुळलेलं हाड कापून मध्ये कानशिलाच्या स्नायूचा पडदा घालतात. पुढचा व्यायाम मूल रडलं तरी करवून घ्यावा लागतो.

किडलेली दाढ, साखर आणि २०२१

खालच्या दाढेचा संसर्ग जबड्याखाली उतरला, जीभ वर उचलली गेली, गिळता येईना, आवाज घोगरा झाला, तर सकाळची वाट पाहायची नाही. ही सूज श्वासाचा मार्ग दाबते. १८३६ मध्ये लुडविग या जर्मन डॉक्टरांनी वर्णन केलेला हा प्रकार आजही जीव घेऊ शकतो, आणि सुरुवात असते ती वेदनाशामक गोळीवर दाबून ठेवलेल्या एका दाढेची.

२०२१ च्या उन्हाळ्यात वरच्या जबड्याचा एक आजार घरोघरी माहीत झाला, म्युकरमायकोसिस. कोविड, त्यासाठी दिलेली स्टेरॉइडं आणि आटोक्यात नसलेली साखर या तिघांच्या संगनमताने बुरशी नाकाशेजारच्या पोकळ्यांतून जबड्यात शिरली. त्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा रोग नोंदणीसक्तीचा करायला सांगितलं आणि बेंगळुरूत शिवाजीनगरच्या बोअरिंग रुग्णालयात खास वॉर्ड उघडले. अँफोटेरिसिन-बी ची इंजेक्शनं आणि मृत हाड काढणं हे उपचार. वरचा जबडा गेलेल्यांना नाक आणि तोंड वेगळं ठेवणारी कवळी लागते, नाही तर प्यायलेलं पाणी नाकातून येतं. साथ ओसरली, मधुमेह राहिला. साखर चढलेली असताना वरचे दात अचानक हलू लागले, टाळ्यावर काळा डाग आला किंवा गाल बधिर झाला, तर ती तातडी समजा.

औषधाने होणारी हाडाची जखम

एकोणिसाव्या शतकात आगपेटीच्या कारखान्यांतल्या कामगारांचे जबडे पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने सडत. १९०६ च्या बर्न करारानंतर तो फॉस्फरस हळूहळू हद्दपार झाला. त्यासारखाच आजार २००३ मध्ये वेगळ्या वाटेने परत आला : हाडांच्या ठिसूळपणावर आणि कर्करोगात देतात त्या झोलेड्रोनिक अॅसिडसारख्या औषधांमुळे. ठिसूळपणासाठीच्या मात्रेत धोका फार थोडा आहे, औषध सोडू नका. सुरू करण्याआधी मात्र दात दाखवा.

हळूहळू येणारी सूज

मागच्या दाढेपाशी जबडा एका बाजूने हळूहळू फुगतो, दुखत नाही. आत द्रवाने भरलेली पिशवी असू शकते किंवा अमेलोब्लास्टोमासारखी गाठ. ही गाठ सहसा शरीरभर पसरत नाही, पण नुसती खरवडली तर परत येते, म्हणून भोवतीच्या हाडासकट काढतात. अशी पिशवी कधी हाडात अडकलेल्या दाताभोवती वाढते, म्हणून मुलाचा एखादा कायमचा दात वय उलटूनही आला नाही, तर एक एक्स-रे काढून घ्यावा.

अर्धं हेल्मेट

बेंगळुरूच्या रस्त्यांवर टोपीसारखी हेल्मेटं सर्रास दिसतात, पोलिसाला दाखवण्यापुरती. ती हनुवटीचं रक्षण करत नाहीत. स्कूटरवरून पडणारा माणूस पुष्कळदा तोंडावर पडतो. जबडा वाचवायचा तर पूर्ण चेहऱ्याचं, पट्टा लावलेलं हेल्मेट. अपघातानंतर दात पूर्वीसारखे जुळत नसतील किंवा ओठ बधिर असेल तर जबडा मोडला असं धरून चालायचं. पडलेला कायमचा दात मुळाला हात न लावता दुधात टाकून घेऊन जा, तासाभरात पोहोचलात तर तो परत रुजण्याची शक्यता चांगली असते. मोडलेला जबडा आज बहुधा आतून छोट्या टायटॅनियम पट्ट्यांनी बसवतात.

कुठे जायचं

जबड्यासाठी विचारायचा विभाग म्हणजे ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी. बेंगळुरूत के. आर. मार्केटजवळ व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात १९५८ पासूनचं सरकारी दंत महाविद्यालय आहे. कर्करोगाची शंका असेल तर थेट किदवई. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे. बेंगळुरूचं निम्हान्स आणि मुंबईचं टाटा मेमोरियल या दोन्ही ठिकाणी त्याची केंद्रं चालतात. बहुतेक जागी पहिली तपासणी म्हणून ओपीजी काढतात, म्हणजे सगळे दात आणि दोन्ही सांधे एकाच फोटोत. ती फिल्म किंवा फाइल जपून ठेवा. पाच वर्षांनी एखादी सावली दिसली तर ती जुनी आहे की नवी, हे जुन्या फिल्मशी ताडून पाहिलं की चटकन कळतं.